आहेराच्या साड्यांचं कुंपण

१२ मार्च, गुरुवार. कुंपणासाठी साड्या निवडायच्या होत्या. कपाटातून वीसेक साड्या काढल्या आणि पलंगावर त्यांचे तीन ढीग केले. उन्हाळाभर टिकतील अशा, पहिल्या पावसापर्यंत टिकतील अशा, आणि कुत्रा पहिल्याच दिवशी फाडेल अशा. तिसऱ्या ढिगात माझ्या आवडीच्या सगळ्या होत्या. त्या घडी करून परत आत ठेवल्या. उरल्या अकरा. मला अकराच लागणार होत्या.

मी धुळ्याच्या बाहेरच्या अंगाला भाड्याने राहते. खालच्या दोन खोल्या माझ्या, वर घरमालकांचं गोदाम. घराच्या बाजूला मोकळी जागा आहे. तीही त्यांचीच, पण वापरायला मला दिलेली. तिथे मी वांगी, मेथी, एक लिंबू आणि एक शेवगा लावला आहे. दोन बाजूंना भिंती आहेत, एक आपली, एक शेजाऱ्याची. समोर रस्ता आणि मागे बाभळीचं रान. या दोन बाजू उघड्या. रस्त्याकडची बाजू सत्तावीस पावलं, मागची एकोणीस.

पोटापाण्याला मी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन खिडकीशी आहे, तिथून बाग दिसते. माझी मुलगी आणि जावई नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. सकाळी सातला कंपनीची बस चौकातून सुटते, त्याआधी ती दोघं त्यांची पोरं माझ्याकडे सोडतात. नात पाच वर्षांची, नातू तीनचा. शिवाय दोन कुत्री आहेत. मोठा कुत्रा मी पाळलेला. लंगडी घराबरोबर आली. आधीच्या भाडेकरूंनी जाताना पंखेसुद्धा काढून नेले होते, तिला मात्र ठेवून गेले.

आदल्या शुक्रवारी लंगडी रस्त्यावर गेली. तिच्या मागे नातू गेला. पाण्याचा टँकर येत होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला, टँकर थांबला, अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं. मी पोहोचले तेव्हा नातू चाकाकडे बोट दाखवून विचारत होता, "हे केवढं आहे?" ड्रायव्हर मला जे बोलला ते सगळं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं, पोराला काखोटीला मारलं, लंगडीला कान धरून आत आणलं. त्या दिवशी माझ्या हातून तीन साड्यांचा फॉल उलटा लागला.

मुलीला मी संध्याकाळी सांगितलं. तिच्या सासूला सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सासूबाई सुरतला असतात, थोरल्या मुलाकडे. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. रविवारी नातवाने फोन हातात घेतला आणि पहिलंच वाक्य बोलला, "आजी, टँकर थांबला."

मग सगळं सांगावं लागलं. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी येते. जागा बघते. बरोबर नाही वाटली तर पोरं सुरतला. इथे ग्रील आहे."

ग्रील आहे हे त्यांनी त्या फोनमध्ये चार वेळा सांगितलं. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, खिडक्यांना ग्रील आहे, गॅलरीला ग्रील आहे, जिन्याच्या तोंडाशीसुद्धा ग्रील आहे.  मुलीला बारा तास ड्यूटी आहे. सासूला नाही म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि मलाही तोवर काही सुचलं नव्हतं.

म्हणजे आठवडा हातात होता. पोरं इथे राहणार की सुरतला जाणार, हे कुंपणावर होतं.

तारेच्या जाळीवाल्याला बोलावलं. त्याने टेप लावून मोजलं, लोखंडी अँगल, जाळी, सिमेंट असा हिशोब सांगितला. एवढ्यात माझं वर्षाचं भाडं गेलं असतं. त्याला चहा दिला आणि जा म्हटलं. तसंही घरमालकांनी सिमेंट लावू दिलं नसतं. त्यांचं कापडाचं दुकान आहे, मूळचे राजस्थानचे. ती मोकळी जागा एक दिवस मोठ्या किमतीला विकली जाईल असं त्यांना वीस वर्षं वाटतं आहे.

"ताई, कुंपण करा, जरूर करा," ते म्हणाले. "फक्त खड्डा नको, सिमेंट नको, भिंतीला खिळा नको."

"मग उभं कशावर राहील, शेठजी?"

"ते तुम्ही बघा."

हिरवी जाळी मी मागच्या वर्षी लावून पाहिली होती. मोठ्या कुत्र्याने ती दुपारच्या जेवणाआधी संपवली.

उपाय भावाच्या शेतात सापडला. भाऊ भडगावकडे शेती करतो. सोमवारी मी त्याच्याकडे बांबू मागायला गेले, तर त्याच्या मक्याला चारी बाजूंनी साड्या गुंडाळलेल्या. रानडुकरं येतात म्हणून तिकडे सगळेच असं करतात. वाऱ्यावर कापड हलतं, डुक्कर बिचकतं. मी इतकी वर्षं त्या वाटेने जाते, पण शेताला साडी शोभते इतपतच मी त्याकडे पाहिलं होतं.

"कुत्रं थांबेल का याने?" मी विचारलं.

"डुक्कर थांबस," भाऊ म्हणाला. "तुन्हा कुत्रा डुकरापेक्षा शहाणा शे का?"

"नाही."

"मंग थांबी. अक्का, तुले जे लागी ते लई जाय. बठ्ठं पडेल शे."

असंच पडून असलेलं सगळं, केळीला टेकू द्यायचे जुने बांबू, ठिबकच्या फाटक्या नळ्यांची दोन वेटोळी आणि कापसाच्या काड्यांचे सहा भारे त्याने छोट्या टेम्पोत टाकून बुधवारी पाठवले. काड्या त्याला जाळायच्याच होत्या, त्यामुळे देताना त्याचा हात सढळ होता.

आता साड्यांबद्दल. आमच्याकडे लग्न, वास्तुशांती, डोहाळेजेवण, काहीही असलं तरी बायकांना साडी आहेरात येते. आलेल्या साड्यांतल्या निम्म्या कोणी नेसत नाही. त्या पुढच्या लग्नात पुढच्या बाईला जातात. यात लबाडी आहे असं कोणी मानत नाही. एकच काळजी घ्यायची, जिची साडी तिलाच परत जाता कामा नये. म्हणून उलट्या बाजूला, आतल्या कोपऱ्यावर, बॉलपेनने बारीक लिहून ठेवतात, कोणी दिली आणि कुठे दिली. फॉल लावताना तो कोपरा माझ्या हाताखालून जातो. धुळ्यात कोणाची साडी कोणाकडून कोणाकडे गेली ते मला बरंच ठाऊक आहे. मी बोलत नाही. बोलले तर गिऱ्हाईक राहणार नाही.

निवडलेल्या अकरापैकी सगळ्यात दणकट साडी मोहरी रंगाची होती, जांभळ्या काठाची, जाड सिंथेटिक. तिला फॉल लावताना माझ्या दोन सुया मोडल्या होत्या. एकदाच नेसले होते, दिवसभर अंगाला वारा लागला नाही. ही साडी रस्त्याच्या बाजूला, फाटकाला लागून लावायची हे मी गुरुवारीच ठरवलं, कारण मोठा कुत्रा तिथेच धडका देतो. दोरी कुठे ताणायची एवढाच विचार डोक्यात होता. ती साडी मला कोणी दिली होती हे डोक्यात आलंच नाही.

शुक्रवारी कुंपण उभं केलं. खड्डा करायचा नव्हता, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती आणि विटांचे तुकडे ठोकून भरले आणि त्यांत बांबू रोवले. बांबूंना वर, मध्ये आणि खाली ठिबकच्या नळ्या आडव्या बांधल्या. नळीला साडी दुमडून टाकली आणि गोणी शिवायच्या सुईने शिवली. रस्त्याकडे दुहेरी, मागे एकेरी. खालच्या कडेवर विटा ठेवल्या. फाटक म्हणून जुन्या लोखंडी पलंगाची चौकट उभी केली, एका बाजूला तारेने बांधून. पलंग आणि पहिला बांबू यांच्यात हातभर फट राहिली, तिथे इस्त्रीचा पाट लावला.

नात दिवसभर शिलाईचा दोरा धरून उभी होती. नातवाने डब्यांतली माती दोनदा काढली. संध्याकाळी मोठा कुत्रा धावत आला, मोहरी साडीवर आदळला आणि मागे बसला. पुन्हा आदळला. साडीला काही झालं नाही. मग त्याने तिचा वास घेतला आणि निघून गेला. मी हात धुतले.

शनिवारी मुलीला अर्धी सुट्टी होती. पोरांना घ्यायला ती दिवसाउजेडी आली आणि फाटकाशीच थांबली.

"मम्मी, ही आईंची साडी आहे."

"कोणाची?"

"माझ्या सासूची! लग्नात तुला विहिणीचा आहेर म्हणून दिलेली. मोहरी आणि जांभळी."

मी साडीकडे पाहिलं. होती खरी.

"उद्या त्या येणार आहेत," मुलगी म्हणाली. "काढ ती. दुसरी लाव."

"दुसरी कुठली? हिच्याएवढी दणकट एकही नाही."

"माझी लाव. घरातली कुठलीही लाव. पण त्यांनी दिलेली साडी रस्त्यावर, कुत्र्यासमोर..."

"हे बघ," मी म्हटलं, "ही काढली तर फाटकाजवळ कुंपण सैल पडेल. सैल पडलं तर त्यांना ते दिसेल. मग साडी घडी करून कपाटात राहील आणि पोरं सुरतला."

 मी मागच्या बाजूच्या विटा सरळ करायला गेले. तिथून परत आले तेव्हा तिने टाके उसवून साडी उलटी करून पुन्हा शिवली होती. उलट्या बाजूने मोहरी रंग मातकट दिसत होता आणि काठ जवळजवळ दिसेनासा झाला होता. माझ्या पोटची आहे, टाका बारीक होता.

"आता नाही कळणार," ती म्हणाली.

मला त्याच वेळी कोपरा आठवला. उलट्या बाजूचा, आतला कोपरा आता फाटकाजवळ, कंबरेच्या उंचीवर, बाहेरच्या अंगाला आला होता. मुलीला फॉल-पिकोतलं काही कळत नाही, आणि त्या कोपऱ्याबद्दल मी तिला सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. आता सांगितलं असतं तर ती रात्रभर झोपली नसती. जावई बाहेर मोटरसायकल चालू ठेवून उभे होते. मी म्हटलं, "छान झालं. जा."

रविवारी दहाच्या सुमाराला विहीणबाई रिक्षातून उतरल्या. एक पिशवी, पायात चपला नव्हे तर बूट, कारण गुडघा दुखतो. मुलगी-जावई पोरांना माझ्याकडे सोडून स्टॅंडवर गेले होते, ते त्यांच्याबरोबरच आले. त्या आत आल्या नाहीत. रस्त्यावरच उभ्या राहून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंपण पाहिलं.

"हे काय, वाळत घातलंय का?"

"कुंपण आहे," मी म्हटलं.

"बरं."

त्या बाजूबाजूने चालू लागल्या. मधूनमधून कोपर मारून बघत होत्या. सुरतेची सून होण्याआधी त्या साक्रीकडच्या शेतकऱ्याची मुलगी होत्या. सुरतेत चाळीस वर्षं काढली तरी कोपर तिकडचंच होतं. फाटकाजवळ आल्या, मोहरी साडीला कोपर मारलं. ती हलली नाही म्हणून पुन्हा मारलं. मग त्यांनी कापड चिमटीत धरलं. मग वाकल्या.

कोपऱ्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'नंदुरबारच्या काकू, वास्तुशांती.' अक्षर त्यांचंच होतं. लग्नाच्या घाईत त्यांनी स्वतःच्या कपाटातून ती काढली होती, कोपरा न पाहता. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनेही वाचलं. जावयांनी मोबाईल काढला.

विहीणबाई सरळ झाल्या. "हे तुम्ही कधी वाचलं?"

"मला वाचायला चष्मा लागतो."

"सहा वर्षांपूर्वी लागत नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "साडी चांगली शे पण. नंदुरबारनी शे."

"सगळ्यात चांगली आहे. म्हणून फाटकाला लावली."

"मी दिली म्हणून नाही?"

"नाही. दोन सुया मोडल्या होत्या म्हणून."

यावर त्या हसल्या नाहीत, पण आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. मी चहा टाकला. मुलगी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "साखर किती घेतात त्या?"

चहा कपात ओतत होते तेवढ्यात नात मागून ओरडली. धावत गेलो. मागच्या कोपऱ्यात लंगडीने दोन विटा ढकलून साडीखालून वाट केली होती आणि ती बाभळींत पोहोचली होती. तिच्या मागे नातू. तो पोटापर्यंत बाहेर गेला होता आणि तिथेच अडकला होता. आमच्या बाजूला फक्त त्याची चड्डी आणि पाय होते. विहीणबाई दुखऱ्या गुडघ्याने माझ्या आधी पोहोचल्या. दोन्ही घोटे धरून त्यांनी त्याला मागे ओढलं. तो चिडला. त्याला जायचं होतं.

 मुलीचा चेहरा मी पाहिला नाही. सुरत ठरलं, असं मी मनात धरलं आणि ओट्यावरच्या उघड्या दुधाची आठवण झाली, तर ते आता मांजराने प्यायलं तरी चालेल असंही वाटलं.

विहीणबाईंनी पोराच्या पोटावरची माती झटकली. मग त्या कुंपणाच्या खालच्या कडेकडे बघत राहिल्या.

"विटा कोणी ठेवल्या?"

"मी."

"हाई बठ्ठं वरतून बांधेल शे. खालतून कोण पाही?" चिडल्या की त्या अहिराणीत जातात. "कापड जमिनीत घालावं लागतं, याहीनबाई. चर मारायचा, काठ आत सोडायचा, माती लोटायची, वरून काड्या. आम्ही लहानपणी असंच करायचो. विटेने काय होतं? वीट म्हणजे कुत्र्याला पायरी."

"मालकांनी खड्डा करायला मनाई केली आहे."

"खड्डा कोण करतंय? चर आहे." त्यांनी पदर खोचला. "फावडं आणा."

मी फावडं आणि कुदळ दोन्ही आणलं. कुदळ मी घेतली. जावई मदतीला आले, त्यांना त्यांच्या आईने काड्यांचे भारे उचलायला लावलं. मुलगी नातवाला धरून बसली आणि नात लंगडीला पोळी दाखवून परत आणत होती. एकोणीस पावलांचा चर, वीतभर खोल. माती कोरडी होती, दोनदा पाणी मारावं लागलं. विहीणबाई खुर्ची टाकून बसल्या, फावड्याने माती ओढायच्या, खुर्ची पुढे सरकवायच्या, पुन्हा ओढायच्या. खुर्चीवर बसून चर मारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. काम मात्र माझ्यापेक्षा सरळ होतं.

वरच्या गोदामात माल बघायला घरमालक आले होते. ते जिन्यावरून म्हणाले, "ताई, खड्डा नको म्हटलं होतं ना?"

"शेठजी, खड्डा खोल असतो," विहीणबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "हा लांब आहे."

शेठजींनी थोडा विचार केला. मग कुंपण पाहिलं आणि बोट दाखवलं. "ती हिरवी आमच्या दुकानातली. आणि ती गुलाबीही. रंग गेला का?"

"नाही गेला."

"मग सांगा लोकांना," ते म्हणाले आणि वर गेले.

मग रस्त्याकडेही तसाच चर मारला, तिकडची कड बुजवेपर्यंत उन्हं कलली. लंगडीने चारही कोपऱ्यांत खणून पाहिलं, काड्या नाकाला टोचल्या, ती लिंबाखाली जाऊन झोपली. नातवाने तिच्या शेजारी आडवं होऊन काडीखाली बोट घालून पाहिलं. बोट पलीकडे गेलं नाही.

रात्रीचं जेवण आम्ही लवकर केलं. शेवभाजी आणि भाकरी. विहीणबाई दुसरी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "जूनपर्यंत राहू द्या पोरं इथे. जूनमध्ये पावसाआधी मी पुन्हा येईन. पावसात माती सुटते, तेव्हा काठ परत दाबावा लागतो. तुम्हाला जमायचं नाही."

"नाही जमायचं," मी म्हटलं.

"आणि लिफ्ट बंद असते आमची. चार मजले याला कडेवर घेऊन कोण चढणार?"

मुलगी ताटात बघत होती. मग तिने सासूला भाजी वाढली, नको म्हणाल्या तरी वाढली.

मुक्कामाला त्या मुलीकडे गेल्या. निघताना त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली साडी काढून माझ्या हातात दिली. "पलंगाजवळ हातभर फट आहे. इस्त्रीचा पाट कुत्रं पाडेल. तिथे ही लावा."

"बरं."

"घडी मोडायला वेळ लावू नका. लगेच लावा."

सोमवारी सकाळी सातच्या आत पोरं आली. सुरतची बस साडेपाचलाच गेली होती, विहीणबाई त्यातून गेल्या असं जावयांनी सांगितलं. मी पोरांना दूध दिलं, कुत्र्यांना भाकरी दिली आणि कागद सोडला. फिकी करडी साडी होती, बारीक लाल काठाची, सुती. उन्हात महिनाभर टिकली नसती. मी ती उलटी केली आणि आतला कोपरा खिडकीशी नेऊन चष्मा लावून पाहिला. कोरा होता. दुसरा कोपराही पाहिला. तोही कोरा होता.

ती घडी करून कपाटात ठेवली. मशीनवर बसताना मी नेसते ती जुनी नायलॉनची काढली, चारपदरी केली, आणि फटीला शिवून टाकली. इस्त्रीचा पाट आत आणला आणि त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाची साडी घेतली.